नाळेची खूण

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून आठवडाही झाला नव्हता. पहाटे पाचला ससून डॉकवर पोचले. पाऊस, बर्फाचा चिखल, पाट्या, शिव्या आणि त्यातून वही न भिजवता चालायचं. बोटींनी आणलेल्या मुशी मोजायच्या. जात, लांबी, नर की मादी ते लिहायचं, हे माझं काम. मुशी म्हणजे शार्क. टीव्हीवरचा नव्हे, कालवणातला.

ओळखीच्या मावशींच्या पाटीत कानमुशी दिसल्या. हातोड्यासारखं डोकं, दोन टोकांना डोळे. मोजल्या तर २७. टेप लावली: ४२ सेंटिमीटर, ४५, ४४. एक उलटी केली आणि हात थांबला. छातीच्या दोन परांमध्ये, म्हणजे पोहायच्या पंखांमध्ये, बारीकशी चीर होती, अजून न मिटलेली. नाळेची! कानमुशी अंडी घालत नाही. पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात, आपल्यासारखीच. बाकीचीही उलटून पाहिली. बहुतेकांना तीच चीर.

"मावशी, ही तर बाळं आहेत."

"मग? कोवळं म्हावरं. पटकन शिजतं."

कानमुशीची मादी साधारण २ मीटरच्या पुढे गेल्यावर पिल्लं देते. एवढी मादी मी चार वर्षांत एकदाच मोजली. मावशींच्या सासऱ्यांच्या काळी तशा मुशी यायच्या, तेव्हा मुशीच्या मांसापेक्षा परांची बोली आधी लागायची. माल वाळवून हाँगकाँगला जायचा, तिथल्या लग्नाच्या सूपसाठी. गंमत म्हणजे पराला स्वतःची चवच नसते. आत शेवयांसारखे तंतू असतात, मान त्यांचा. कानमुशीच्या परात ते भरपूर, म्हणून भावही तिलाच.

२०१५ साली परांची निर्यात बंद झाली. तरी २०१८ मध्ये शिवडी आणि वेरावळच्या गोदामांत मिळून सुमारे ८,००० किलो पर पकडले. तेवढ्यासाठी किती मुशी लागल्या असतील, हा हिशोब मी एकदा मांडायला घेतला आणि पेन खाली ठेवलं. आणि ही बंदी आहे ती पर परदेशी पाठवण्यावर. मुशी आपण पुरती खातो, आणि किनाऱ्यालगत ओढलेल्या जाळ्याला बोंबील काय नि काल जन्मलेलं पिल्लू काय!

मी नोंदी करत होते तेवढ्यात एक आजोबा आले. सून नुकतीच बाळंत झाली होती. मुशीने दूध येतं, तेव्हा मुशीच हवी. मी काय बोलणार? माझ्या आजीनेही आईला तेच खायला घातलं होतं.

मावशींनी सहा पिल्लं काढली, कोयत्याने पटापट साफ केली. बोटाच्या पेराएवढे पर फरशीवर उडाले. डॉकवरचं मांजर आलं, हुंगलं आणि शेजारच्या कोळंबीच्या पाटीकडे गेलं.