तिची रेषा आडवी का पडली?

साठ वह्या तपासायच्या असल्या की शिक्षक आलेखावरचा एकेक बिंदू वाचत बसत नाही. पहिल्या पाच-सहा वह्यांत बरोबर रेषा डोळ्यांत बसते. पुढे ती दिसली की बरोबरची खूण, नाही दिसली की फुली. कबूल कुणी करत नाही, करतात सगळे.

समीकरण होतं 2क्ष + 3य = 12. क्षचा सहगुणक 2, म्हणून रेषेचा चढही 2, असं निम्मा वर्ग ठोकून देतो. आधी य एकटा करायला हवा: य = −(2/3)क्ष + 4. चढ उणे दोन तृतीयांश. शिवाय क्षला 0, 1, 2 याच किमती द्यायची खोड. मग य 3.33 येतो आणि बिंदू चौकटीत कुठंतरी अंदाजानं टेकवला जातो. छेदात 3 आहे ना, मग क्षच्या किमती 3 च्या पटीत घ्या, हे सांगून घसा बसला माझा: (0, 4), (3, 2), (6, 0). आणि तिसरा बिंदू हवाच. दोन चुकीच्या बिंदूंतूनही रेषा झकास जाते.

एका मुलीची रेषा भलतीच आडवी. फुली मारली.

ती वही घेऊन आली. "सर, मोजून बघा ना."

तीन एकक उजवीकडे, दोन खाली. बरोबर! कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं: क्ष-अक्षावर 1 सेमी = 1 एकक, य-अक्षावर 1 सेमी = 2 एकक. म्हणून कागदावर उतार निम्माच दिसत होता. प्रमाण न लिहिणाऱ्यांचा अर्धा गुण कापणारा मी, तेच वाचलं नव्हतं.

फुली खोडली, तरी ती हलेना. "चढ म्हणजे रेषा किती उभी, असं तुम्हीच सांगितलंत. माझी तर आडवी आहे."

शिक्षकखोलीत विषय काढला. "दोन्ही अक्षांवर सारखंच प्रमाण घ्यायला लावा, कटकट मिटेल," एक सहकारी म्हणाले. कटकट मिटवण्यात त्यांचा हातखंडा आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच कागदावर, त्याच प्रमाणात 3क्ष − 2य = 5 काढून आणली. चढांचा गुणाकार −1, म्हणजे रेषा एकमेकींना लंब, हे तिनं वरच्या वर्गाच्या पुस्तकात वाचलेलं. (3, 2) वर कोनमापक ठेवला. 55 अंश. मी पुन्हा लावून पाहिला. 55च.

'क्ष 1 ने वाढला की य किती बदलतो' असंच फळ्यावर लिहायला हवं, हे कळतंय. पण ते वाक्य ऐकलं की मागचे बाक माना खाली घालतात, आणि 'उभी' म्हटलं की लगेच वर बघतात.