सहा पेन्सिल सेलचा कॅमेरा

जुना पेन्टॅक्स ६४५ घरी आला तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न, “याचा चार्जर कुठंय?” चार्जर नाहीच. मुठीत सहा पेन्सिल सेल घालायचे, किराणा दुकानात मिळतात तेच. १९८४ साली आलेलं हे मॉडेल, फिल्म पुढे सरकवणारी मोटर बॉडीतच. घेताना मी आधी तिचाच आवाज ऐकला. ओरखडे गेले चुलीत.

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. तिथं भाजीवाल्या मावशींसमोर बटण दाबलं की आधी आरशाचा खाडकन आवाज, मग मोटरची घर्र. “दादा, बिघडलं काय?” गुपचूप फोटो काढायची सोयच नाही, आणि मला तेच आवडतं. माणूस दचकतो, मग हसतो. खरा फोटो त्या हसण्याचा. पण १२०च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या, रोलवर १५च फोटो, म्हणजे दुसरा काढताना हात आखडतोच.

रोल बदलायला नारोशंकराच्या देवळाजवळ सावलीत बसतो. फिल्मच्या पाठीमागच्या कागदाचं टोक रिकाम्या रिळात अडकवायचं, बाण खुणेशी जुळवायचा. पुढचं मोटर बघते. निगेटिव्ह क्षेत्रफळात नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या अडीचपटीहून मोठी, कोथिंबिरीच्या जुडीवरचे पाण्याचे थेंबसुद्धा मोजून घ्या.

पुढचा रोल कृष्णधवल. रंगीतचा भाव ऐकून सध्या पोटात गोळा येतो.