तुम्ही विचारलेत म्हणून: आमच्या घरी गाडी का नाही

लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या जिन्यात, दिवाळीच्या फराळाला तुम्ही मला एकच विचारत आला आहात: दोघेही कमावते असताना गाडी का घेत नाही, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी तासांच्या हिशेबाने घेऊन स्वतः चालवत का येता? उत्तराआधीच तुम्ही ते पैशांवर नेऊन ठेवता, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

2019 पर्यंत माझी गाडी होती. शेवटच्या वर्षी नोंद ठेवली, तेव्हा ती 41 दिवस वापरल्याचे दिसले. उरलेले दिवस ती पुण्यात पेठेतल्या रस्त्यावर उभी असे आणि सम-विषम तारखांना आलटून-पालटून एकाच कडेला गाडी लावायचा पी-1, पी-2 चा नियम पाळण्यासाठी मी मध्यरात्री तिला या कडेची त्या कडेला नेत असे. सर्वांच्या रस्त्याचा तेवढा तुकडा मी फुकट अडवून बसलो आहे, हे मला खरोखर खुपत होते. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली, मंडईचे स्थानक घरापासून सात मिनिटांवर आले, आणि गाडी न ठेवण्याचा आपला निर्णय बरोबर होता असे मी सर्वांना ठासून सांगू लागलो.

त्यानंतरच्या जानेवारीत आत्या गेली. रात्री अकराला कराडहून फोन आला. सकाळी नऊला उचलायचे ठरले होते. मी लगेच पहाटे साडेचारची गाडी नोंदवली, अनामत भरली आणि बाबांना म्हणालो, "तुम्ही थोडे पडा, आपण सातपर्यंत साताऱ्याच्या पुढे असू." ठरलेल्या जागी पोहोचलो तेव्हा तिथे गाडी नव्हती. आधीच्या ग्राहकाने ती परत आणलीच नव्हती, आणि पावणेपाचला नोंदणी रद्द झाल्याचा संदेश आला. पैसे परत मिळतील, असे त्यात लिहिले होते. बाबा शाल पांघरून, आत्याने दिलेली जुनी पिशवी हातात धरून, फुटपाथवर उभे होते. मी दुसऱ्या गाड्या शोधत होतो, टॅक्सीवाल्यांना फोन करत होतो. एकाने होकार दिला आणि तो सहाला आला. खंबाटकी घाटात ट्रकच्या रांगेत आमचा जवळजवळ तास गेला. नऊ वाजता बाबांनी स्वतः भावाला फोन करून सांगितले, "थांबू नका, उचला." आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे अंघोळी करून अंगणात बसले होते. सख्ख्या बहिणीचे शेवटचे दर्शन बाबांना झाले नाही.

स्वतःची गाडीही ऐन वेळी बंद पडू शकते, हे मी त्या आठवड्यात अनेकांना ऐकवले. ते खोटे नाही. पण त्या रात्री ती दारात असती तर आम्ही अकरालाच निघालो असतो, हे त्याहून खरे आहे, आणि ते मी तेव्हा कोणापाशीही कबूल केले नाही. बाबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी दिला असता तर मला वाद तरी घालता आला असता.

तरीही मी गाडी घेतलेली नाही. एका रात्रीसाठी वर्षातले तीनशेहून अधिक दिवस रस्ता अडवणे मला आजही पटत नाही. आणि ती रात्र बाबांची होती, तिची किंमत मी कशी ठरवणार, हेही कळत नाही. झुरिकमध्ये 1948 सालीच एका गृहनिर्माण सहकारी संस्थेतल्या लोकांनी मिळून गाड्या वापरायला सुरुवात केली होती. ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने आणि दूध संघ सहकारातून उभे केले, तिथे दहा घरांनी मिळून दोन गाड्या ठेवाव्यात, म्हणजे निदान एक तरी अडीअडचणीला दारात राहील, असे मी सोसायटीच्या सभेत मांडले. अपघात झाला तर कोणाच्या नावावर, या प्रश्नापाशी चर्चा थांबली. प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या महिन्यात आत्याचे वर्षश्राद्ध आहे. बाबांनी मला न विचारता स्वारगेटहून एसटीची दोन तिकिटे काढली आहेत. मी गाडी नोंदवलेली नाही.