मिठागरांवरची पुस्तकं शोधताना

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी ठाणे खाडीकाठची मिठागरं हा विषय घेतला. मुलुंड-भांडुपची मिठागरं लोकलमधून जाता-येता पाहिलेली, त्यामुळे विषय ओळखीचा. ग्रंथालयाच्या संगणकावर 'मिठागर' टाकलं, तर हाती जवळजवळ काहीच आलं नाही. पुस्तकं होती, फक्त मिठाच्या नावावर नोंदलेली नव्हती.

ठाण्यात राहायचं आणि मराठी पुस्तकांचा शोध वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने 1893 साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला वगळून करायचा, हे मला पटणारं नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच केली. पुढे जिथे जिथे गेले तिथली तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची यादी, चाळत राहिले. एका ठिकाणच्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, "अगं, नाव सोड, नंबर धर. एक चांगलं पुस्तक सापडलं ना, की त्याची नोंद उघड आणि खालपर्यंत वाच."

मिठागरात राबणाऱ्या आगरी समाजावरच्या एका पुस्तकाची नोंद तशी उघडली. लेखक, प्रकाशन, पानं, दाखल क्रमांक हे वरचं सगळं नेहमीचंच. कामाचं होतं ते वर्गांकात, म्हणजे विषयानुसार दिलेल्या आकड्यात, आणि अगदी तळाच्या विषयाच्या ओळीत. पुस्तक समाजगटांच्या 305 मध्ये बसवलेलं होतं. मग लक्षात आलं की पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत माझा एक विषय पाच खोल्यांत वाटला गेलाय: खनिज म्हणून मीठ 553 मध्ये, अन्नतंत्र म्हणून 664 मध्ये, मिठावरचा कर 336 मध्ये, महाराष्ट्राचा इतिहास 954.792 मध्ये आणि मिठागरात राबणारी माणसं 305 मध्ये. त्या दिवसापासून मी शब्दांऐवजी वर्गांक टाकून शोधू लागले. शिवाय जिथे आत सोडतात तिथे कपाटासमोर उभी राहून शेजारची पुस्तकंही काढून बघायचे. 'खाजण' आणि 'खारजमीन' हे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीसाठीचे शब्दही तिथेच मिळाले. खारजमिनींचा 1948 चा कायदा त्या शब्दामुळेच सापडला.

शुद्धलेखनाने फार वेळ खाल्ला. 1962 च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'ठाणें', 'जिल्ह्याचें' असे अनुस्वार असतात आणि नोंद करणाऱ्याने ते तसेच ठेवले असतील, तर आजच्या लेखनाने शोधून काही मिळेलच असं नाही. यावर उपाय म्हणजे शब्द अर्धा लिहून पुढे * टाकायचा, म्हणजे पुढची अक्षरं कोणतीही असली तरी पुस्तक सापडतं. परदेशी तालिकांत मराठी नावं रोमन लिपीत असतात. तिथे 'च' साठी फक्त सी लागतो (सीएच म्हणजे 'छ') आणि 'समाज'च्या शेवटी ए लिहावा लागतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

इंग्रजी साधनांसाठी 'ठाणे' पुरत नाही. 'ठाणा', 'टॅना' ही जुनी रूपं आणि 'साल्सेट' हे साष्टी बेटाचं इंग्रजी नाव, असं सगळं टाकून बघावं लागतं. 1882 च्या गॅझेटिअरचे, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेचे, ठाण्यावरचे खंड 13 आणि 14 बऱ्याच ठिकाणी 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' या मुख्य नावाखालीच आहेत. जुन्या मराठी पुस्तकांसाठी मात्र शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीला तोड नाही. पहिल्या भागात 1800 ते 1937 पर्यंतची पुस्तकं आहेत. त्यातून नावं टिपायची आणि मग ती कुठे आहेत ते तालिकांत बघायचं. 1954 नंतरच्या पुस्तकांसाठी मी फोर्टला टाऊन हॉलच्या आवारातलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय धरलं. 1954 च्या कायद्याने प्रकाशकांना ज्या चार ग्रंथालयांत प्रत द्यावी लागते, त्यांतलं ते एक.

एका ग्रंथालयात 'उपलब्ध' दिसणारं पुस्तक कपाटात नव्हतं. तिथल्या शिपाईकाकांनी बांधणीला गेलेल्या गठ्ठ्यातून ते शोधून दिलं. पडद्यावरचा शेरा वाचून परत फिरू नका, माणसाला विचारा, एवढं मी हक्काने सांगेन.

सगळ्यात जास्त ऐवज निघाला 336 मध्ये. मिठाच्या कराचे जुने अहवाल चाळताना खाडीकाठच्या गावांची नावं एकामागून एक येऊ लागली, आणि प्रबंधाचं दुसरं प्रकरण मी तिथूनच लिहायला घेतलं.