तुम्ही विचारलंत म्हणून: कुमसार (पाद्र्यापुढची पापकबुली) केला की सुटलात का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटणारे एक स्नेही अधूनमधून मला टोचतात, "तुमचं बरं आहे बाबा. आठवडाभर खोटं बोलायचं, पाद्र्याच्या कानात सांगायचं, मोकळे!" ते स्वतः हिंदू. पण मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला तेल घेऊन माझ्याआधी हजर असतात, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही. उत्तर मात्र राहूनच जातं.

मी मूळचा सावंतवाडीचा. घरात मराठी, चर्चमधली मीस (उपासना) कोंकणीत. काजूच्या एका दुकानात गल्ल्यावर बसतो. पर्यटक हमखास विचारतो, "गोव्याचाच ना?" आता, इथल्या झाडांची बी इथल्या कारखान्यांना पुरत नाही. पुष्कळशी आफ्रिकेतून येते आणि इथे भाजून, फोडून, सोलून निघते. आमच्याकडचा मालही बराचसा तोच. मी म्हणायचो, "हो, गोव्याचाच." (काजूचं झाडसुद्धा पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, मग गोव्याचं म्हणजे तरी काय? ही वकिली मी स्वतःपुढे बरीच वर्षं केली.)

ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात कुमसाराला गेलो तेव्हा हेही सांगून टाकलं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांपैकी आम्हा कॅथलिकांची आठवी. प्रोटेस्टंट मित्रांच्या मोजणीत नववी. वाटलं होतं, पाच वेळा 'नमान मारिये' ही प्रार्थना म्हणायला लावतील आणि सोडतील. फादरनी विचारलं, "तुला क्षमा मिळेल रे. पण त्या माणसाच्या पिशवीत काय आहे?"

मी गप्प.

नंतर कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीचा ग्रंथ, काढून पाहिलं. १९९२ साली जाहीर झालेल्या त्या ग्रंथात, परिच्छेद २४८७ मध्ये, चक्क लिहिलंय: सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा झाली, तरी भरपाई करण्याचं कर्तव्य उरतंच. म्हणजे स्नेह्यांचा समज अर्धाच खरा. आणि तो अर्धा भाग आम्हीही सोयीनं धरून बसलेलो. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय बघा. जकातदारांचा मुखिया, येशू त्याच्या घरी उतरलेला. 'माझं चुकलं' असं तो एकदाही म्हणत नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो, म्हणतो. थेट हिशेबाचीच भाषा! गल्ल्यावरच्या माणसाला ती लगेच कळते.

पण मी फसवलेली गिऱ्हाइकं जक्कयाच्या लोकांसारखी गावातली नाहीत. कुणी इंदूरचा, कुणी सुरतेचा. आता कुठे शोधू? फादर म्हणाले, "मग उद्यापासून तरी."

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी विचारलं. सांगितलं, "बी आफ्रिकेची, भाजणी इथली." त्यांनी अर्ध्या किलोचं पाकीट परत ठेवलं आणि शेजारच्या दुकानात गेल्या. तिथला "गोव्याचाच" मला इकडे ऐकू आला. खोटं का सांगू, त्या क्षणी खरं बोलल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. साडेपाचशे रुपये गेल्याचं वाईट वाटलं.

मालकही ख्रिस्तीच, रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसणारे. त्यांनी पाहिलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "खरं बोल, मी अडवत नाही. पण कुणी विचारलं तरच."

तेव्हापासून तसंच चाललंय. विचारणाऱ्याला खरं सांगतो. बरेच जण विचारतच नाहीत. दारावरची 'अस्सल गोवा काजू' ही पाटी वाचून थेट पैसे मोजतात आणि मी पाकीट बांधून देतो. पुढच्या कुमसाराला ती पाटी घेऊन जायची आहे.