जेड एम्पायर: शस्त्राला हात न लावता इम्पीरियल सिटीपर्यंत

बायोवेअरचा 'जेड एम्पायर' हा मार्शल आर्ट्सवरचा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम २००५ साली एक्सबॉक्सवर आला आणि २००७ मध्ये पीसीवर. माझी ही फेरी पीसीवरची. नियम एकच: तलवार नाही, काठी नाही, फक्त हातपाय आणि ची, म्हणजे जखमा भरणारी आतली शक्ती.

यामागे हिशेब आहे. शस्त्राच्या शैली (लढायच्या पद्धती) फोकस, म्हणजे एकाग्रतेची शिल्लक, खातात, आणि वेळ संथ करायलाही तोच फोकस लागतो. शस्त्र सोडलं की सगळा फोकस त्यासाठी मोकळा राहतो. म्हणून लेव्हल वाढली की माझे जास्त पॉइंट माइंडवर, म्हणजे फोकस वाढवणाऱ्या गुणावर, जातात. सोबतीण डॉन स्टारला लढायला न लावता ध्यानाला बसवतो, म्हणजे ची भरत राहते आणि जखमा त्यातून भरून निघतात. भुतांवर तर शस्त्र चालतच नाही, त्यामुळे तिथे काहीच बिघडलं नाही.

खरी मजा टिएन्स लँडिंग या गावातल्या चाच्यांशी लढताना आली. घोळका अंगावर आला की कोलांटी मारून त्यांच्या पाठीमागे जायचं, वेळ संथ करायची आणि एकाला हेवनली वेव्ह या सपोर्ट (शत्रूला कमजोर करणाऱ्या) शैलीचा जोरदार फटका द्यायचा. त्याच्याभोवती चमक उठली की लगेच शैली बदलून थाउजंड कट्स या हातापायांच्या शैलीचा जोरदार फटका. गडी तिथल्या तिथे खलास! हा दोन शैलींचा जोडफटका, म्हणजे हार्मोनिक कॉम्बो, नीट जमायला लागला की बटणं बडवायची सवय आपोआप सुटते. जी शैली आवडते तिच्यावरच पॉइंट ओता, सगळीकडे थोडे थोडे शिंपडू नका, हे माझं ठाम मत.

आणखी एक. शेवट ठाऊक असताना टू रिव्हर्स या सुरुवातीच्या गावाचा भाग पुन्हा खेळाच. तुमच्या लढण्यातल्या उणिवेबद्दल लोक जे बोलून जातात ते कान देऊन ऐका. लेखकांनी सगळं किती आधीपासून पेरून ठेवलंय! आणि थो फान ही खास या गेमसाठी रचलेली भाषा. ती कानावर पडली की मी संवाद पुढे ढकलत नाही.

आता इम्पीरियल सिटीत आहे. आखाडा आधी उरकणार, मग लोटस असॅसिन्स या मारेकऱ्यांच्या टोळीची गढी. तिथल्या गोलेमवर (मंतरलेल्या पुतळ्यांवर) जादू चालत नाही, सपोर्ट शैलीही चालत नाही, म्हणजे हार्मोनिक कॉम्बोचा प्रश्नच मिटला. उरतात नुसत्या मुठी आणि फोकस. त्यासाठी थाउजंड कट्सच्या नुकसानीवर पॉइंट राखून ठेवलेत. कुणी गोलेम बिनशस्त्र पाडले असतील तर कोणती शैली वापरलीत ते जरूर सांगा.