काळ्या रानात नेटचे खांब

सांगलीतल्या एका शाळेचं मे महिन्यातलं काम. दोन लेनचं क्रिकेट नेट आधीच उभं होतं. एक लेन मुलींनी हट्टाने मागून घेतलेली. स्मृती मानधनाच्या गावात असा हट्ट पुरवायलाच हवा. जाळी लोंबतेय, वायर रोप ताणून द्या, एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

टर्नबकलला, म्हणजे रोप ताणायच्या पेचाला, चार-पाच आटे दिले, तर रोप ताणायच्या ऐवजी कोपऱ्यातला खांबच आत आला. ओळंबा सोडला. १२ फुटांत ७ इंचांचा फरक! बुडाशी काँक्रीट आणि माती यांच्यात बोटभर भेग होती, तीत पहार सहज उतरली. उकरून पाहिलं तर दीड फुटावर काँक्रीट संपलेलं. खाली सगळी काळी माती.

ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. दीड फुटाचा पाया त्या हलणाऱ्या थरातच राहतो, मग वर कितीही जाड पाइप लावा. ताण ओळीच्या दोन्ही टोकांवर येतो. तीन ओळी, म्हणजे टोकाचे सहा खांब. मधले नऊ जाळीचं वजन तेवढं पेलतात; ते ओळंब्यात होते, म्हणून ठेवले. नवं काम असतं तर तेही खोल नेले असते.

दीड बाय दीड फुटाचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खणायचं ठरलं. साडेतीन फुटांवर पहारेचा आवाज बदलला, वर पिवळसर खडा आला. मुरुमात आणखी अर्धा फूट गेलो. २० फुटी पाइप १६ फुटांवर कापला: ४ फूट जमिनीत, १२ वर. तळाला सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड केले, म्हणजे पाइप फिरत नाही, उपसतही नाही. १:२:४ माल (सिमेंट, वाळू, खडी), सहा खड्ड्यांना दहा पोती सिमेंट. माथा जमिनीच्या दोन इंच वर ठेवून बाहेर उतार दिला. पाणी पाइपाला टेकून राहिलं की पाइप नेमका तिथेच गंजतो.

जुन्या पाइपांचे टेकू केले, पण फक्त बाहेरच्या दोन ओळींना, जाळीच्या बाहेरून. मधल्या ओळीत टेकू दिला असता तर त्यावर आपटलेला चेंडू थेट बॅटरच्या तोंडावर आला असता. तिथे टोकाचे तिन्ही खांब वरून आडव्या पाइपने जोडले.

सात दिवस पाणी मारलं, तोवर रोपला हात लावू दिला नाही. ओल्या काँक्रीटवर ताण देण्याची घाई फार महागात पडते.

रोप ताठ हवी, जाळी मात्र सैल. १२ फूट उंचीला १३ फुटांची जाळी कड्यांवर सोडली, खालचा फूटभर जमिनीवर लोळता ठेवला, नाहीतर चेंडू खालून निसटतो. बॅटरच्या मागची जाळी खांबांपासून फूटभर पुढे टांगली. लेदर बॉल अंगभर जोर लावून त्या जाळीवर मारला. जाळी मागे फुगली, खांबाला टेकली नाही, आणि चेंडू तिच्या पायाशीच पडला. कोपऱ्यावर पुन्हा ओळंबा धरला. दोरी पाइपाला समांतर होती.